मॅग्नेशियमची जुनी चाकं रिफर्बिश केली तर फिनिश नक्की किती वर्षं टिकतं?

कॉव्हेंट्रीतला_सांगलीकर

नमस्कार मंडळी. मी मूळचा सांगलीचा, गेली ९ वर्षं इंग्लंडात कॉव्हेंट्रीला आहे. लहानपणापासून मनात होतं की एक जुनी मिनी (छोटी ब्रिटिश कार) घ्यायची, मागच्या उन्हाळ्यात घेतली एकदाची. १९७४ ची आहे, इंजिन छान आहे, बॉडीला थोडा गंज आहे तो होईल हळूहळू. पण माझा जीव अडकलाय चाकांत. गाडीबरोबर चार १० इंची मिनिलाइट चाकं आलीत, आठ आऱ्यांची, आणि ती अ‍ॅल्युमिनियमची नाहीत, जुनी मॅग्नेशियमची आहेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, १९६४, ६५ आणि ६७ ला मिनीने माँटे कार्लो रॅली जिंकली त्या काळात रॅलीवाल्यांमध्ये ही चाकं एकदम पसरली, पुढे त्याच डिझाइनची अ‍ॅल्युमिनियमची आली आणि आजही नवीन मिळतात, पण जुनी मॅग्नेशियमची म्हणजे वेगळीच चीज.

ज्याच्याकडून गाडी घेतली तो म्हणाला चाकं तीन वर्षांपूर्वीच पूर्ण करून घेतलीत. बघताना एकदम चकाचक होती. मी जानेवारीत दोन-तीनदाच गाडी बाहेर काढली, इथे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात ते माहीत होतं पण घरी आल्यावर पाण्याने धुतली आणि विसरलो. मार्चमध्ये बघतो तर बॅलन्सिंगच्या वजनांखाली पांढरी पूड, नटाच्या भोकांभोवती फोड, आणि दोन चाकांवर लॅकरच्या, म्हणजे वरच्या पारदर्शक थराच्या, खाली किडा सरपटत गेल्यासारख्या बारीक रेषा. नखाने टोकरलं तर रंगाचा पोपडाच निघाला आणि खाली धातू खडबडीत, करडा पडलेला.

तीन ठिकाणी विचारलं. पहिला म्हणाला काही विशेष नाही, अलॉय करतो तसंच करू, ब्लास्ट करून (बारीक कणांचा मारा करून जुना रंग काढून) पावडर कोट (रंगाची कोरडी पूड मारून भट्टीत भाजणं), चार दिवसांत घेऊन जा. दुसऱ्याने मॅग्नेशियम ऐकताच हात वर केले. तिसरा म्हणतो केमिकल ट्रीटमेंट, मग इपॉक्सी (घट्ट चिकटणारा प्राइमर), मग पेंट, वेळ सहा आठवडे आणि पैसे पहिल्याच्या जवळजवळ तिप्पट. आणि फिनिश किती टिकेल असं विचारलं तर गॅरंटी कोणीच देईना.

तर माझे प्रश्न. पावडर का पेंट? तिप्पट पैसे देण्यात अर्थ आहे का? आणि नीट केलं तर किती वर्षं धरून चालायचं? गाडी वर्षाला २००० मैलांच्या आसपास चालेल, बहुतेक एप्रिल ते ऑक्टोबर.

भोसरी_कोटिंगवाला

सांगलीकर, आधी एक खात्री करून घ्या की ती खरंच मॅग्नेशियमची आहेत. माझं भोसरीत पावडर कोटिंगचं छोटं युनिट आहे, १६ वर्षं झाली, आणि आपल्याकडे तर जो येतो तो "मॅग व्हील" म्हणूनच चाक घेऊन येतो, बाइकचं असो नाहीतर कारचं, सगळी अ‍ॅल्युमिनियमची. तो शब्द मॅग्नेशियमवरूनच आला, रेसिंगच्या गाड्यांना खरी मॅग्नेशियमची असायची म्हणून, आणि मग सगळ्याच ओतीव चाकांना चिकटला.

तपासायचं सोपं आहे. टायर काढल्यावर आतल्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे, नखाएवढी जागा घासून चकचकीत करा आणि त्यावर साधं व्हिनेगर एक थेंब टाका. मॅग्नेशियम असेल तर लगेच फसफसून बुडबुडे येतात, अ‍ॅल्युमिनियम असेल तर थेंब गप बसून राहतो. मग भरपूर पाण्याने धुवा आणि कोरडं करा, तसंच ठेवू नका. दुसरं म्हणजे वजन. त्याच मापाचं त्याच डिझाइनचं अ‍ॅल्युमिनियमचं मिळालं तर दोन्ही दोन हातांत धरा. मॅग्नेशियमची घनता १.७४, अ‍ॅल्युमिनियमची २.७, म्हणजे एक तृतीयांश वजन कमी, काट्याची गरजच पडत नाही.

आता खरी असतील तर तुमच्या पहिल्या दुकानदाराकडे देऊ नका. मी स्वतः पावडरवाला असून सांगतोय. "अलॉय करतो तसंच" हे वाक्यच धोक्याचं आहे. ६-७ वर्षांपूर्वी माझ्याकडे एक जण परदेशातून आणलेली चार जुनी चाकं घेऊन आला, सांगितलं मॅग्नेशियम आहे, मी म्हटलं धातू तो धातू, नेहमीच्या केबिनमध्ये ब्लास्ट केला, त्याच केबिनमध्ये दिवसभर लोखंडी गेट आणि ग्रिल करतो. पावडर मारली, भट्टीतून काढली, फोटो काढावेत अशी दिसत होती. १४ महिन्यांनी तो माणूस परत आला, चारही चाकांवर सुईच्या टोकासारखे शेकडो पांढरे ठिपके. ब्लास्टिंगमधले लोखंडाचे बारीक कण मॅग्नेशियममध्ये रुतून बसले होते आणि प्रत्येक कणाने स्वतःभोवती खड्डा केला होता. मी पैसे परत केले, पण त्याची चाकं काही मला परत करता आली नाहीत. ते अजून मनात आहे म्हणून एवढं लिहितोय.

आणि घरी ग्राइंडर लावू नका. अख्खं चाक असं सहज पेटत नाही, पण त्याची बारीक पूड आणि कीस पेटतो, आणि एकदा पेटला की त्यावर पाणी मारलं तर हायड्रोजन सुटतो आणि आग वाढते. कोरडी वाळू जवळ असावी. तुमच्या दुसऱ्या दुकानदाराने नाही म्हटलं ते मला तरी प्रामाणिकपणाचं वाटतं.

कॉव्हेंट्रीतला_सांगलीकर

दादा खूप आभार, इतकं मोकळेपणाने कोण सांगतं. व्हिनेगरचा थेंब टाकला, फसफसलं, चारही. आणि इथल्या एका मिनीवाल्या मित्राकडे त्याच डिझाइनची अ‍ॅल्युमिनियमची आहेत, हातात धरल्याबरोबर फरक कळला. म्हणजे खरीच आहेत.

पण मग पावडर अजिबातच नको का? की ब्लास्टिंग नीट केलं तर चालेल?

रत्नागिरीचा_पल्सरवाला

मध्येच विचारतो. माझ्या बाइकच्या मॅग व्हीलला पण असंच पांढरं येतंय, घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. हे पण मॅग्नेशियम का?

भोसरी_कोटिंगवाला

नाही भाऊ, तुझं अ‍ॅल्युमिनियम आहे. खाऱ्या हवेने त्यालाही पांढरं येतं, पण वेग खूपच कमी. आठवड्याला गोड्या पाण्याने धू, जिथे रंग उडालाय तिथे घासून प्राइमर आणि टचअप कर, बास. तुला ह्या धाग्यातल्या बाकीच्या भानगडींची गरज नाही.

सांगलीकर, पावडरबद्दल. तीन गोष्टी आहेत. एक, जुन्या ओतीव मॅग्नेशियममध्ये बारीक पोकळ्या असतात, भट्टीत गरम झालं की त्यातली हवा बाहेर येते आणि पावडरला पिनहोल पाडते, म्हणून आधी रिकामं चाक भट्टीत घालून हवा काढून घ्यावी लागते, हे न करणारे खूप. दोन, आमची भट्टी १८० ते २०० डिग्रीची, आणि ह्या मिश्रधातूंचं एजिंग (मजबुतीसाठी गरम करून ठेवणं) साधारण त्याच पट्ट्यात करतात, त्यामुळे एकदा भट्टीत गेलं तर ठीक पण दर तीन वर्षांनी हवा काढायला एकदा, प्राइमरला एकदा, रंगाला एकदा, लॅकरला एकदा असं शिजवत राहणं मला पटत नाही, तेही पन्नास वर्षं जुन्या चाकाला. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. पावडरचा थर जाड, प्लॅस्टिकच्या कातड्यासारखा. दगड लागून एक टवका उडाला की ओल त्या कातड्याखाली शिरते आणि आतल्या आत पसरते, वरून काही दिसत नाही, दिसतं तेव्हा हाताएवढा फोड झालेला असतो. पेंटमध्ये टवका उडाला तर तेवढाच भाग घासून घरी दुरुस्त करता येतो. पावडरला तसं ठिगळ लावता येत नाही.

खालची केमिकल ट्रीटमेंट नीट असेल तर पावडरही टिकते, नाही असं नाही. पण तुमच्या जागी मी असतो तर इपॉक्सी प्राइमर आणि टू-के (दोन भाग मिसळून सुकणारा) पेंट. माझा धंदा पावडरचा आहे तरी.

ओव्हरहॉलवाले_काका

हा धागा मुलाने दाखवला म्हणून लिहितो आहे. मी विमानांच्या ओव्हरहॉल शॉपमध्ये ३१ वर्षं काढली, त्यातली बरीच सरफेस ट्रीटमेंटच्या टाक्यांवर. जुन्या विमानांच्या गिअरबॉक्सची कवचं मॅग्नेशियमची, कित्येकांची चाकंसुद्धा. त्यामुळे हा धातू मला घरच्यासारखा आहे.

आधी तो का कुजतो हे समजून घ्या, मग बाकी सगळं आपोआप कळेल. घरात स्टोरेज गीझर असेल तर त्याच्या टाकीत एक रॉड असतो, सर्व्हिसवाला काढून दाखवतो आणि म्हणतो साहेब संपला, बदलावा लागेल. तो रॉड बहुतेक वेळा मॅग्नेशियमचा. तो मुद्दाम घालतात, कारण पाण्यात दोन धातू एकमेकांना टेकलेले असले की त्यातला जो जास्त "उदार" तो स्वतः झिजतो आणि दुसऱ्याला वाचवतो. मॅग्नेशियमचं प्रमाण विभव (जितकं उणे तितका धातू जास्त उदार) उणे २.३७ व्होल्ट, अ‍ॅल्युमिनियमचं उणे १.६६, लोखंडाचं उणे ०.४४. इंजिनिअरिंगमध्ये वापरायच्या धातूंत ह्याच्याइतका उदार कोणी नाही. आता तुमची मिनी बघा. चाक मॅग्नेशियमचं, मागे ड्रम लोखंडाचा, नट लोखंडाचे, बॅलन्सिंगच्या वजनाची क्लिप लोखंडाची, व्हॉल्व्ह पितळेचा, आणि वर मिठाचं पाणी. तुम्ही गाडीला चार गीझरचे रॉड लावून फिरताय आणि ते आपलं काम चोख करताहेत. म्हणून पूड नेमकी वजनाखाली आणि नटाभोवतीच आली, आऱ्याच्या मधोमध नाही आली.

ह्याचा अर्थ असा की फिनिश किती वर्षं टिकेल ह्याचं उत्तर रंगाच्या डब्यावर नाही. ते दोन जागी आहे. रंगाच्या खाली काय केलं, आणि जिथे दुसरा धातू टेकतो तिथे काय केलं.

खाली काय करायचं ते सांगतो. आमच्याकडे जुना रंग काढायला अल्कली टाकी असायची. इथे लोक फसतात, कारण मॅग्नेशियमचा स्वभाव अ‍ॅल्युमिनियमच्या बरोबर उलटा आहे. कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो, मॅग्नेशियमला काही करत नाही. उलट बहुतेक अ‍ॅसिडं मॅग्नेशियम डोळ्यांदेखत खातात. तेव्हा अलॉय व्हीलच्या दुकानात जी अ‍ॅसिडची टाकी असते तीत तुमचं चाक पडता कामा नये, आणि बाजारातले अ‍ॅसिडवाले व्हील क्लीनरही कायमचे विसरा. मग लोखंडाचा कणही नसलेला स्वच्छ अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड घेऊन हलक्या दाबाने ब्लास्टिंग, आणि त्यानंतरही पिकलिंग, म्हणजे ठराविक अ‍ॅसिडात अगदी मोजून काही क्षण बुडवून वरचा अशुद्ध थर उतरवायचा. भोसरीकरांच्या चाकांवर जे ठिपके आले ते ह्या पायरीने वाचले असते.

नंतर आमची खरी ट्रीटमेंट. हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिडमध्ये पाच मिनिटं. हे अ‍ॅसिड काच खातं, हाडापर्यंत जातं, पण मॅग्नेशियमवर लगेच फ्लोराइडचा थर बसतो आणि धातू आत सुरक्षित राहतो. मग सोडियम डायक्रोमेटच्या उकळत्या द्रावणात अर्धा-पाऊण तास. चाक बाहेर येतं ते तपकिरी, चहाच्या रंगाचं. तो रंग एकसारखा आला की समजायचं काम झालं, डाग राहिला की परत पहिल्यापासून. ह्या थराची जाडी नगण्य, पण त्यावर प्राइमर असा बसतो की ओरखडा गेला तरी आजूबाजूचा रंग उचलत नाही. हे घरी करायचं काम अजिबात नाही. ह्यातलं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम कॅन्सर करणारं आहे, युरोपात त्यावर कडक निर्बंध आहेत ते योग्यच आहेत. माझ्याबरोबर टाक्यांवर काम केलेल्यांच्या नाकातल्या जखमा मी पाहिल्यात. आता त्याऐवजी क्रोम नसलेल्या ट्रीटमेंट आहेत, आणि प्लाझ्मा इलेक्ट्रोलिटिक ऑक्सिडेशन म्हणून प्रक्रिया आहे, तीत द्रावणात मोठा व्होल्टेज देऊन पृष्ठभागावर बारीक ठिणग्या पाडतात आणि सिरॅमिकसारखा कठीण थर धातूतूनच वाढवतात. तुमच्या तिसऱ्या दुकानदाराला नेमकं हेच विचारा, की "केमिकल ट्रीटमेंट" म्हणजे कुठली. नाव सांगता आलं नाही तर पैसे देऊ नका. नुसता एच प्राइमर (etch, म्हणजे अ‍ॅसिड मिसळलेला प्राइमर) मारून त्याला ट्रीटमेंट म्हणणारे भरपूर आहेत.

आणि हे सगळं करण्याआधी एक गोष्ट, ज्याबद्दल इथे अजून कोणी बोललं नाही म्हणून मला काळजी वाटते. रंग उतरवला की चारही चाकांची डीपी टेस्ट करून घ्या. डाय पेनेट्रंट. लाल रंगाचं पातळ द्रव लावायचं, पुसायचं, वर पांढरा डेव्हलपर मारायचा, तडा असेल तिथे लाल रेघ उमटते. आऱ्याच्या मुळाशी, नटाच्या भोकांपासून बाहेर जाणाऱ्या रेषेत आणि टायर बसतो त्या कडेच्या आत नीट बघायचं. पन्नास वर्षं जुनं ओतीव मॅग्नेशियम, मागे कोणी रॅलीत आपटलंय का तुम्हाला ठाऊक नाही. चाकावर सुंदर रंग चढवून आतला तडा झाकणं हे मला कोणी कितीही पैसे दिले तरी मी केलं नसतं.

कॉव्हेंट्रीतला_सांगलीकर

काका, नमस्कार करतो तुम्हाला. गीझरचा रॉड वाचल्यावर मी खाली जाऊन परत चाकं बघितली, खरंच, पूड फक्त जिथे लोखंड टेकतंय तिथेच. आणि तड्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इथे ४० वर्षांवरच्या गाडीला, फार बदल केलेले नसतील तर, वार्षिक एमओटी तपासणी लागत नाही, म्हणजे माझ्याशिवाय ही चाकं दुसरं कोणी बघणारच नाहीये.

डेट्रॉइटचा_नाशिककर

मी वापरणाऱ्याच्या बाजूने सांगतो, कारण मूळ प्रश्न "किती वर्षं" हा होता आणि माझ्याकडे तारखा आहेत. माझ्याकडे १९९९ ची सी-५ कॉर्व्हेट (अमेरिकन स्पोर्ट्स कार) आहे, तिला त्या काळी कारखान्यातूनच मॅग्नेशियमची चाकं ऑप्शन म्हणून मिळायची, इटलीत ओतलेली, माझ्या गाडीला तीच आहेत. मी घेतली तेव्हा फिनिश गेलेलं होतं. मिशिगनमध्ये राहतो, मिठाच्या बाबतीत आम्ही इंग्लंडच्या पुढेच असू.

२०१५ ला पहिल्यांदा केली, स्वस्तात, साधी पावडर. २०१७ च्या वसंतात फोड. गाडी थंडीत गॅरेजमध्येच असायची, पण मार्चमध्ये बर्फ गेला म्हणून बाहेर काढली आणि रस्त्यावर मीठ तसंच होतं. पहिला मोठा पाऊस पडून रस्ता धुतल्याशिवाय गाडी काढायची नाही हा नियम तेव्हापासून.

२०१८ ला दुसऱ्यांदा, नीट. अल्कलीने स्ट्रिप, क्रोम नसलेलं कन्व्हर्जन कोटिंग (काका म्हणतात ती केमिकल ट्रीटमेंट), दोन हात इपॉक्सी, वर पेंट आणि लॅकर. मी दर वर्षी चाकं उतरवून फोटो काढतो, वही ठेवलीय. पहिली तीन वर्षं एकही डाग नाही. चौथ्या वर्षी टायर बदलले, तिथे टायरवाल्याच्या मशीनचा लोखंडी जबडा कडेला लागला, दोन जागी टवके. मी त्याच आठवड्यात घासून इपॉक्सी लावलं, आजपर्यंत तिथे काही नाही. तिसरा टवका आतल्या बाजूला होता तो मला दिसलाच नाही, आणि पुढच्या वर्षी तिथून तीन इंचाची रेषा निघालेली. सातव्या वर्षी एका व्हॉल्व्हभोवती फोड. बाकी चाकं अजून चांगली आहेत. म्हणजे माझ्यापुरतं उत्तर, स्वस्तातलं दोन वर्षं, नीट केलेलं सात वर्षं आणि पुढे चालू, पण मध्ये हात फिरवत राहिलो म्हणून.

काय काय पाळतो ते सांगतो. क्लिपवाली वजनं बंद, फक्त चिकटवायची, आणि तीही रंग आणि लॅकर शाबूत असलेल्या जागीच. हब आणि चाक ह्यांच्या मध्ये जॉइंटिंग कंपाउंडचा (ओल अडवणाऱ्या पेस्टचा) पातळ थर. कॉपर ग्रीस लावायची सवय असते लोकांना, ती इथे नको, तांबं म्हणजे मॅग्नेशियमला लोखंडाहून वाईट. धुवायला साधा पीएच न्यूट्रल शाम्पू, आणि धुतल्यावर नटांच्या भोकांतलं पाणी ब्लोअरने काढायचं, तिथे ते दिवसभर साचून राहतं. टायरवाल्याकडे स्वतः उभं राहायचं, प्लॅस्टिकचे जबडे लावलेत का बघायचं, आणि टायर चढवायच्या आधी कडेवर बोट फिरवून टवके शोधायचे. एकदा टायर चढला की आतलं काही दिसत नाही.

वेग_आणि_वळण

मी कुठेतरी बघितलं की मॅग्नेशियम चाकं पॉलिश करून उघडी ठेवतात, आरशासारखी. किंवा डायमंड कट करून वर क्लिअर लॅकर. ते जास्त भारी दिसेल ना मिनीवर? रंग नाहीच तर रंग उडायचा प्रश्न नाही.

भोसरी_कोटिंगवाला

दिसतं भारी, खोटं नाही बोलत. पण उघडं पॉलिश केलेलं मॅग्नेशियम दमट हवेत काही दिवसांत करडं पडायला लागतं, मग परत पॉलिश, परत करडं, आणि दर वेळी थोडा धातू जातो. शोमध्ये उभ्या गाडीला ठीक. डायमंड कट तर त्याहून वाईट, लेथवर काढलेल्या कोऱ्या धातूवर फक्त पारदर्शक लॅकर, खाली प्राइमर नाही, ट्रीटमेंट नाही. सांगलीकरांच्या चाकांवर किड्यासारख्या रेषा आल्यात ना, त्या अशाच लॅकरखाली धावतात. अ‍ॅल्युमिनियमवरसुद्धा डायमंड कट दोन-तीन थंड्यांत सुरू होतं, मॅग्नेशियमवर तर करूच नये.

ओव्हरहॉलवाले_काका

सहमत. शिवाय लेथवर दर वेळी चाक पातळ होतं.

डेट्रॉइटकरांची वही मला फार आवडली. आमच्याकडेही प्रत्येक चाकाचं कार्ड असायचं, कधी टाकीत गेलं, कधी तपासलं, कोणी सही केली. सांगलीकर, तुम्हीही चाकांच्या आतल्या बाजूला नंबर टाका, १ ते ४, पेंटनेच, पंच मारू नका, पंचाच्या खुणेतून तडा सुरू होऊ शकतो.

कॉव्हेंट्रीतला_सांगलीकर

अपडेट द्यायला उशीर झाला, जवळजवळ चार महिने. तिसऱ्या दुकानदाराला काकांचा प्रश्न विचारला, कुठली ट्रीटमेंट. तो गडबडला नाही, प्लाझ्मावाली प्रक्रिया बाहेरच्या एका कंपनीकडून करून घेतो म्हणाला, त्यांनी आधी केलेलं एक चाक दाखवलं, राखाडी रंगाचा मॅट थर, चावीने ओरखडा काढून बघ म्हणाला, निघाला नाही. लोखंड आणि बाकीच्या धातूंसाठी ब्लास्टिंगची केबिन वेगळी आहे हेही डोळ्यांनी बघितलं. मग दिली.

रंग उतरवल्यावर त्याने मला बोलावलं आणि डीपी टेस्ट माझ्यासमोर केली. १, २ आणि ४ नंबर स्वच्छ. ३ नंबरला एका आऱ्याच्या मुळाशी, आतल्या बाजूला, लाल रेघ. साधारण माझ्या करंगळीच्या नखाएवढी. पांढऱ्या डेव्हलपरवर ती हळूहळू उमटताना मी बघत होतो आणि मला आठवलं की मे महिन्यात ह्याच चाकावर मी बायको आणि मुलीला घेऊन वेल्सपर्यंत गेलो होतो, मोटरवेवरून.

वेल्डिंग करता येईल का विचारलं, तो म्हणाला करणारे आहेत पण मी चाकावर करून देणार नाही. मी पण पुढे विचारलं नाही. ते चाक आता घरात आहे, गाडीवर परत कधी जाणार नाही. पाचवं शोधायला सात आठवडे लागले, एका म्हाताऱ्या रॅलीवाल्या गृहस्थांकडे त्याच मापाचं एक सुटं मिळालं, त्याचीही टेस्ट केली, स्वच्छ निघालं, मग चारही एकत्र ट्रीटमेंटला गेली. वर दोन हात इपॉक्सी आणि सिल्व्हर टू-के. काल बसवली. चिकटवायची वजनं, हबवर जॉइंटिंग कंपाउंड, आणि टायरवाल्याकडे दीड तास उभा होतो, त्याने दोनदा विचारलं की काही प्रॉब्लेम आहे का.

वही आणलीय. पहिल्या पानावर चारही चाकांचे फोटो आणि कालची तारीख. थंडीसाठी एक स्वस्त स्टीलच्या चाकांचा सेट बघतोय, नोव्हेंबरच्या आधी बदलीन. काका, एक राहिलं विचारायचं, गाडी चार महिने गॅरेजमध्ये उभी असताना ही चाकं टायरसकट आडवी ठेवू का उभी? गॅरेजची फरशी सिमेंटची आहे आणि थंडीत ओल येते.

ओव्हरहॉलवाले_काका

तो तडा सापडला हे वाचून मी मुलाला बोलावून दाखवलं. फार बरं केलंत.

आडवी ठेवा, पण सिमेंटवर नको, लाकडी फळीवर, आणि दोन चाकांच्या मध्ये जुना गालिचा किंवा रबराचा तुकडा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, आत ओल कोंडते. ठेवण्याआधी एकदा गोड्या पाण्याने धुऊन दोन दिवस घरात वाळवा. आणि फेब्रुवारीत एकदा खाली जाऊन बघून या, एप्रिलची वाट बघू नका.